इंट्रो घेणाऱ्या सीनियर सरांना खुले पत्र

रा. रा. सीनियर सर यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

'सप्रेम' लिहिणार होतो, पण साष्टांग तुम्हाला जास्त आवडतो. आमच्या परभणीकडे वयाने मोठ्या मुलाला दादा म्हणतात. तुम्हाला ते कमी पडतं, 'सर' लागतं, हे हॉस्टेलवरच्या पहिल्याच रात्री समजलं.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहून गेले. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये इंजिनिअरिंगची सीट मिळाली तेव्हा माझ्या डोक्याला नाना काळज्या होत्या. सगळं शिक्षण मराठी माध्यमात, मग इंग्रजीतलं लेक्चर कळेल का? पहिल्या वर्षाच्या गणितात, म्हणजे एम-वनमध्ये, नापास होऊन केटी लागेल का? ड्रॉइंगच्या शीटवर ड्राफ्टर लावायचा कसा? मेसमध्ये ताट घेऊन बसायचं कोणाशेजारी? एवढ्या काळज्या एकट्याने वाहणं जड जात होतं. तुम्ही मध्यरात्री दार ठोठावलंत आणि सगळ्या एका झटक्यात मिटवल्यात. तेव्हापासून मला फक्त दाराची काळजी असते.

तुमची अध्यापनपद्धतीही वाखाणण्याजोगी. मान खाली, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. नाव, गाव, सीईटीचं पर्सेंटाइल, वडील काय करतात. सगळं शुद्ध मराठीत आणि खणखणीत आवाजात. वडील शेती करतात म्हटल्यावर तुम्ही मला बैलासारखं हंबरून दाखवायला लावलंत. दाखवलं. पण सर, एक दुरुस्ती सुचवतो. आमचा बैल मध्यरात्री दुसऱ्याच्या गोठ्यात शिरून हंबरत नाही. त्याला दिवसा काम असतं.

'आम्ही तुमची भीड चेपतो. आमचीही अशीच चेपली होती,' असं तुम्ही म्हणालात. हो, माझी पार चेपली. वर्गात शंका विचारायला हात वर होईनासा झाला. तुम्ही मेसमध्ये दिसलात की मी बिस्किटांवर भागवू लागलो. रात्री तुमचं जर्नल उतरवायचं, सकाळी पहिल्या लेक्चरला झोपून राहायचं आणि पंच्याहत्तर टक्के हजेरीचा हिशेब पाहून पुन्हा घाबरायचं, असा माझा सर्वांगीण विकास सुरू आहे.

काही सीनियर मात्र तुमच्या परंपरेला काळिमा फासतात. माझ्याच मजल्यावर तिसऱ्या वर्षाचे एक दादा आहेत. काचेखाली दिवा लावून मी दुसऱ्याच्या शीटची नक्कल करताना, म्हणजे जीटी मारताना, त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. शेजारी बसून ड्राफ्टर कसा बसवायचा ते दाखवलं आणि पहिली शीट माझी मलाच काढायला लावली. लायब्ररीतल्या एका ताईंनी एम-वनचे कुठले धडे आधी करायचे ते सांगितलं. दोघांनीही माझं पर्सेंटाइल विचारलं नाही. भीड चेपण्याचं शास्त्र त्यांना कोणी शिकवलेलंच दिसत नाही.

तुमच्या कार्याची दखल मात्र महाराष्ट्र सरकारने 1999 सालीच घेऊन ठेवली आहे. त्या वर्षीच्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलात तर कॉलेजातून काढून टाकतात आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. म्हणजे इंट्रो द्यायची वेळच येणार नाही.

2009 च्या मार्चमध्ये हिमाचलातल्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात सीनियरांच्या मारहाणीनंतर अमन काचरू गेला. पहिल्या वर्षाला होता, एकोणीस वर्षांचा. त्याच साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियम आणले. नवख्या मुलाकडून आपला अभ्यास उरकून घेणं, हेही त्यांच्या व्याख्येत रॅगिंगच आहे. दरवर्षी या नियमांपायी मुलांकडून आणि पालकांकडून हमीपत्र घेतात. तुम्हीही सही केली असेल, तुमच्या आईवडिलांनीही. त्यांना फोन करून हंबरण्याचा प्रयोग सांगितलात का हो कधी?

आता गमतीचा भाग. याच नियमांत तुमच्यासारख्यांसाठी एक कामही काढून ठेवलं आहे. दर सहा नवख्यांमागे स्वेच्छेने पुढे आलेला एक मार्गदर्शक सीनियर नेमावा, असं त्यात लिहिलंय. सहा पोरं हक्काने तुमच्या हाताखाली! त्यांनी तुम्हाला स्वतःहून 'सर' म्हटलं असतं. पण त्यासाठी एम-वन समजावून सांगता यावं लागतं, आणि तुमचा एम-वन अजून निघायचा आहे, असं ऐकतो. म्हणून तिसरं बटण. आमची नजर वर आली असती तर तुमच्या चेहऱ्यावरची धाकधूक दिसली असती. पहिल्या वर्षाची ती धाकधूक तुमची अजून गेलेली नाही, सर. ती आमच्यात वाटून हलकी करता येईल, एवढाच तुमचा हिशेब होता.

तो चुकला. 1800-180-5522 या हेल्पलाइनवर नाव न सांगताही तक्रार करता येते. मी नाव सांगितलं. खणखणीत आवाजात, गाव आणि पर्सेंटाइलसकट. सराव तुम्हीच करून घेतला होता.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

आपला नम्र,
एफई (पहिलं वर्ष), तळमजला

ता. क. : तुमचं जर्नल शोधू नका. ते अँटी-रॅगिंग समितीकडे जमा केलं आहे. कव्हरवर नाव तुमचं आहे आणि आत अक्षर माझं. उरलेले प्रयोग तेवढे स्वतः लिहा.