येताना हात मोकळंच न्हवं?

आमच्या बापूंना तुम्ही ओळखता. दारात ताडपत्रीखाली प्रीमिअर पद्मिनी, अंगणात तिचे सुटे दरवाजे आणि त्यावरून घरात धुसफूस, असा एक गृहस्थ प्रत्येक गल्लीच्या वाट्याला येतोच. आमच्या कोल्हापुरात तो जरा आवाजी आला, एवढंच. कुणी परगावी निघालं की बापू दारात हजर. "येताना हात मोकळंच न्हवं?"

हे हात त्यांना बॉनेटसाठी हवे असतात. नाहीतर मडगार्डसाठी.

समोरचे गुरुजी तिरुपतीला निघाले. बापूंनी लगेच हिशेब मांडला: तिरुपतीहून चेन्नई दीडशे किलोमीटरच्या आत, चेन्नईत पुदुपेट, पुदुपेटेत जुन्या गाड्यांचा बाजार, आणि दर्शन झाल्यावर माणसाला काम काय असतं? गुरुजी हरिप्रिया एक्स्प्रेसमधून उतरले ते केस देऊन आणि मडगार्ड घेऊन. प्रसादाचा लाडू तसाच राहिला. बापू फलाटावरच पत्र्यावर बोटं फिरवत पोचा शोधत होते.

पुतण्याचं लग्न झालं. जोडपं मनालीला निघालं, वाटेत दिल्ली. "मायापुरी बघून या की," बापू म्हणाले. सूनबाईंना ते एखादं प्रेक्षणीय स्थळ वाटलं. तिथे जुन्या गाड्या मोडून विकतात, हे तिला पोचल्यावर कळलं. निजामुद्दीनहून कोल्हापूरची गाडी आठवड्यातून एकदाच, ती चुकवायची सोय नाही. नवी नवरी दीड हजार किलोमीटरच्या वर मागच्या डाव्या दरवाजाशेजारी बसून आली. ती आणि तो दरवाजा अजून एकमेकांकडे बघत नाहीत.

कुरिअरनं का मागवत नाही, असं बापूंना विचारू नये. एकदा कुरिअरवाल्याकडे चौकशी केली होती त्यांनी. बॉनेट दोघांनी सहज उचलावं एवढंच जड. पण कुरिअरवाला तराजूआधी टेप काढतो. खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार करायचा, ५००० नं भागायचं, आणि येईल तेवढे किलो धरायचे. १५० गुणिले १२० गुणिले ३०. उत्तर १०८ किलो.

"एकशेआठ? जपमाळ वडतोय व्हय मी? हवेचं पैसं घेत्यात!"

ट्रान्सपोर्टनं स्वस्त पडतं, पण बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का असतो, आणि बापूंचा त्या शिक्क्यावर पूर्ण विश्वास आहे. तरी माल बांधावा तर त्यांनीच. बॉनेट कधी आडवं पाठवू नये, वर गोणी चढतात, उभं ठेवावं. कडांना चिरलेली सायकलची ट्यूब, त्यावर गोधडी, बाहेरून फळ्यांची चौकट, आणि चौकटीवर ठळक अक्षरात 'काच'. आत पत्रा असला तरी. "पत्रा म्हनलं की हमाल वरनं टाकतोय, काच म्हनलं की स्वतःचा पाय जपतोय."

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा बापू दिवसभर गप्प होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पत्र्यानं अख्खी मुंबई वाहिली, असं काहीतरी पुटपुटले. संध्याकाळी माझ्याकडे आले. तुमचा मेहुणा मुंबईला असतो ना, त्या टॅक्सीच्या डिकीचं काय करणार आहेत, जरा विचारून घ्या.

आता नाइलाजानं सांगतो. आईला पुण्याच्या हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं. तिच्यासाठी वरखाली होणारी लोखंडी खाट पुण्यातच मिळाली, पण सकाळपर्यंत कोल्हापुरात पोचवायला एकही ट्रान्सपोर्टवाला तयार होईना. मी बापूंना फक्त फोन केला. ते रात्री पुण्यात आले, वाशीला भाजी उतरवून रिकामा परतणारा टेम्पो हायवेवर गाठला, खाट उभी बांधली आणि स्वतः तिच्याशेजारी मागे बसले. पहाटे दारात खाट उतरली तेव्हा तिच्या कडांना सायकलची ट्यूब होती आणि अंगावर बॉनेटची गोधडी. रंगाचा टवकाही उडालेला नव्हता. चौकटीवर अर्थातच 'काच'.

आई त्या खाटेवर सात महिने होती. बापू रोज संध्याकाळी येत, तिची चौकशी करत, आणि जाताना खाटेचे नट आवळून जात.

भाडं त्यांनी घेतलं नाही. पुढच्या महिन्यात मी एका लग्नासाठी चेन्नईला चाललो आहे आणि पुदुपेटेत डिकीचं झाकण बघून ठेवलेलं आहे. माझ्याच गाडीनं तुमच्यापैकी कुणी परतणार असेल, तर कृपा करून एक बाजू धरायला या.