खोटं बोलणारा डबा

“वरच्या आळीत चोरी झाली, कळलं का गं?”

काकींचा आवाज कुंपणापर्यंत त्यांच्या आधी पोचतो. मी दोरीवरचे कपडे चाचपत होते. आमच्या औंढ्यात आषाढात कपडे वाळत नाहीत, नुसते या दोरीवरून त्या दोरीवर जातात.

“काय गेलं?”

“तेच कुणाला धड सांगता येईना. गाडी जाग्यावर, चाकं जाग्यावर, टेप जाग्यावर. आणि पोरगं डोक्याला हात लावून बसलंय. इंजिनातलं काहीतरी नेलं म्हणे.”

“सायलेन्सर असेल,” माझ्या तोंडून आधी तेच निघालं. आमच्या ईकोचा गेला होता ना. सकाळी ह्यांनी चावी फिरवली आणि असा आवाज झाला की मला वाटलं, हायवेवरचा ट्रेलर अंगणात शिरला. तेव्हा पुणे जिल्ह्यात ईकोवाल्यांच्या मागे हीच पीडा लागली होती. गाडी जमिनीपासून उंच, खाली सरपटून गेलं की सायलेन्सर हाताशी. त्यात धूर साफ करायची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा मुलामा. पोलिसांनी टोळ्या पकडल्या तेव्हा पेपरात ‘सायलेन्सरमधली माती’ असं छापून यायचं. २०२१ साली ऱ्होडियम सोन्याच्या कितीतरी पट महाग झालं होतं. आपल्याला वाटायचं, नळीतून नुसता धूर जातो.

“सायलेन्सर नाही गं. त्याची डिझेलची स्कॉर्पिओ आहे. डबा गेला, डबा. काळा, तळहाताएवढा.”

“ईसीएम?” माझा भाऊ चाकणला गॅरेजात आहे, त्यामुळे ही नावं मला पाठ. ट्रकांचे ईसीएम जातात हे त्याच्याकडूनच ऐकलेलं. इंजिनाचा सगळा हिशेब त्या पेटीत असतो, ती गेली की दहा टनांची गाडी जागची हलत नाही.

“तेच म्हणाला तो आधी, बापाला. पण मग मेकॅनिक आला, त्यानं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, ईसीएम तर इथंच आहे. गेलाय तो वरून लावलेला डबा. बाप म्हणाला, वरून कुणी लावला? पोरगं गप्प.”

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्यूनिंग बॉक्स! मी कपडे खांद्यावर टाकले आणि मेंदीला टेकले. अशा वेळी कुंपण छातीएवढंच असावं, जास्त उंच नसावं.

“काकी, आजकालच्या डिझेल गाडीत पंप एका नळीत प्रचंड दाबानं डिझेल भरून ठेवतो. दाब किती आहे ते एक सेन्सर ईसीएमला कळवत असतो. हा डबा त्या दोघांच्या मध्ये बसतो. सेन्सरचा खरा आकडा घेतो आणि ईसीएमला कमी करून सांगतो. ईसीएमला वाटतं दाब पडला, की तो वाढवतो. डिझेल जास्त जातं, गाडी उसळते.”

“म्हणजे खोटं बोलणारा डबा.”

“अगदी.”

“पोरगंही तसलंच. बापाला म्हणाला, मायलेज वाढवायचं यंत्र आहे, चार हजारांचं!”

कशाला लावला, ते विचारायची गरजच नव्हती. शनिवार-रविवारी मुंबईची पोरं त्याच्या गाडीतून पवना धरणाकाठच्या तंबूंकडे जायला निघतात. सात माणसं, वर पेट्या, स्पीकर. त्या वजनानं दुधिवरेच्या खिंडीत गाडी दम खाते. मागच्या पाहुण्यांनी ‘दादा, गाडी म्हातारी झाली’ म्हटलं की एवढ्याशा पोराचा जीव जातो. मग लावला असणार डबा. लावला तर लावला, पण गप्प बसेल तर शपथ. बॉनेट उघडून, डब्यावर बोट ठेवून व्हिडिओ केला, खाली नंबरप्लेट, मागे घराचं फाटक, आणि टाकला इन्स्टावर.

“आणि गाडीला लॉक?”

“आपल्यात कोण लॉक करतं? पाऊस असा की कुत्रीसुद्धा ओट्यावरून हलली नाहीत. आमच्या बिल्ल्यानं एकदा भुंकून कर्तव्य केलं आणि झोपला.”

“गाडी बंद पडली असेल.”

“सेल्फ मारला की गुरगुरायची, पण घेत नव्हती. पिवळा दिवा तेवढा पेटला होता. पोरगं म्हणालं, इंजिन गेलं, लाखाचा खर्च. आणि तो मेकॅनिक, बघ, खाली वाकला, एक लोंबकळती वायर उचलली, सेन्सरला परत खुपसली, आणि गाडी चालू! एक पैसा घेतला नाही त्यानं. चहा तेवढा घेतला.”

चोरानं डबा ओढून नेला आणि कंपनीची मूळ पिन तशीच मोकळी सोडली होती. मोकळ्या वायरी कातरल्या नव्हत्या, म्हणजे चोर माहीतगार होता, आणि त्यातल्या त्यात सज्जन.

“कोण असेल गं? मला तर त्या पंक्चरवाल्याकडच्या नव्या पोराचा—”

“काकी, नाव घेऊ नका. सायलेन्सरच्या वेळी सगळी आळी त्या भंगारवाल्यावर घसरली होती. बिचारा महिनाभर गावात आला नाही. टोळी दुसरीकडचीच निघाली. तुमचीच पितळेची घागर त्याच्याकडे पडून होती तोवर.”

काकी जरा वरमल्या. जास्त नाही.

“बरं, मग तक्रार? विमा?”

विम्याचं मला पक्कं माहीत आहे, कारण पोळले आहे. आमचा नुसता थर्ड पार्टी होता. त्यात आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही झालं तर भरपाई, आपलं चोरीला गेलं तर शून्य. त्याचा पूर्ण विमा असला तरी हा डबा विमा कंपनीला सांगूनच लावलेला नाही, मग पैसे कशाचे मागणार? उलट किरकोळ वायरींसाठी क्लेम केला तर नो क्लेम बोनस जाईल. पाच वर्षं क्लेम नसेल तर ती सूट पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. वायरीपायी ती घालवणार का?

“आणि पोलीस?”

“तिथंच तर खरी गंमत आहे. नव्या कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, चोरीचं कलम ३०३. माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. नुसती एनसी लिहून घेतात, कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास नाही. आणि चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, माल किंवा पैसे परत देत असेल, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा.”

“म्हणजे गटार साफ करायला लावणार?”

“तसलंच काहीतरी. म्हणून त्या डब्याची किंमत महत्त्वाची. खरी किती?”

काकींनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त त्यांची म्हैस होती, तरी आवाज खाली आणला. “अठरा हजार. आईकडून घेतले होते, कॉलेजची फी म्हणून.”

आता कसं व्हावं! चार हजार सांगितले तर बापाची समजूत शाबूत, पण एफआयआर नाही. अठरा सांगितले तर एफआयआर होतो, तपास लागतो, आणि घरात दुसरीच चोरी उघड होते. मला खरंच त्या पोराची दया आली. चोरालाही असेल ठाऊक, की असला डबा लावणारा माणूस ठाण्याची पायरी चढत नाही. कारण नुसतं घरचं भय नाही. कंपनीनं दिली त्यापेक्षा गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदसुद्धा होऊ शकते. फिर्याद द्यायला जावं तर आपल्याच तोंडानं आपली कबुली. सायलेन्सरवाल्यांना निदान ही धास्ती नव्हती. आमचे हे छाती काढून गेले होते.

“पोरगं सकाळी लोणावळा शहरच्या ठाण्यावर जाऊन बाहेरूनच परत आलं. म्हणे, आपण ग्रामीणच्या हद्दीत, इथं घेणार नाहीत.”

“काहीतरीच सांगतो. हद्द कुठलीही असली तरी शून्य नंबरानं नोंदवून पुढे पाठवतात. आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.”

“अगं पण मी मुख्य सांगायचंच विसरले. दुपारी त्याच्या मित्राचा फोन आला. म्हणे, तसलाच डबा एकाकडे आहे, सहा हजारांत देतो, आज रोख दे.”

“आणि हा घेतोय?”

“पोरगं तर निघालं होतं गाडी काढून.”

“काकी, त्याला आधी अडवा! तो त्याचाच असणार. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर कलम ३१७, तीन वर्षांपर्यंत. स्वतःचा असला तर स्वतःच पैसे मोजून घ्यायचा, आणि दुसऱ्याचा निघाला तर वर आरोपी व्हायचं! चोर इथल्या घरातून नेतो खरा, पण स्वस्तात घेणारे आपणच नसतो तर त्यानं नेऊन काय केलं असतं? त्या फोनचा नंबर पोलिसांना द्यायला सांगा. आणि तो व्हिडिओ काढून टाकू नको म्हणावं. डब्यावरचा सिरियल नंबर त्यात दिसत असेल.”

“दिसतो. बापानं चष्मा लावून बघितला.”

“बापानं? म्हणजे—”

“आता तेच तर सांगतेय. व्हिडिओ बघितला, आणि खाली कुणीतरी विचारलंय ‘भाऊ किती पडला’, तर ह्यानं उत्तर दिलंय. अठरा. सगळ्या जगाला खरं सांगितलं, बापाला तेवढं नाही.”

“मग काय झालं?”

“ओरडला नाही. जेवला. हात धुतले. म्हणाला, चल, फिर्याद देऊ, अठराचीच. बापलेक आता ग्रामीणला निघालेत. पोरगं आईला म्हणतंय, तूपण चल. आणि आई म्हणते, मला फीचं विचारलं तर?”