शर्यत खोटी, पाठलाग खरा

वळण आलं की ब्रेक लावायचा नाही. गाडी सरळ बाहेरच्या भिंतीला टेकवायची आणि वेगाच्या बटणावरचं बोट उचलायचं नाही. भिंतच गाडी वळवून देते. ठिणग्या उडतात, रंग खरवडतो, वेग जरासा उतरतो. वळण संपलं की गाडी पुन्हा पळायला मोकळी. मागच्या रविवारी भाच्याने हे मला करून दाखवलं. मी विचारलं, "अरे, ब्रेक?" तर म्हणाला, "मामा, ब्रेक कशाला? भिंत आहे ना."

खेळ 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड'. 2005 च्या नोव्हेंबरात आलेला, कॅनडातल्या ईए ब्लॅक बॉक्स या स्टुडिओचा. 2012 साली याच नावाचा आणखी एक खेळ आला, तो वेगळा. मी बोलतोय जुन्याबद्दल. भाच्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हाचा हा खेळ तो आज घरातल्या जुन्या लॅपटॉपवर खेळतोय. इतकी वर्षं एखादा खेळ पोरांच्या हातून सुटत नाही, म्हणजे त्यात काहीतरी अस्सल आहे. आणि त्यातच एक मोठी लबाडीही आहे. मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणून दोन्ही सांगतो.

आधी त्याचं देणं. मी हा खेळ शिकलो तो आमच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यातल्या एका सायबर कॅफेत, 2009 च्या सुमारास. प्लायवूडच्या खोक्यांतले संगणक, अक्षरं पुसलेले कीबोर्ड, मागे उभी राहून नंबराची वाट पाहणारी पोरं. आता कीबोर्डची अडचण बघा. बाणाचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर सोडलेलं. स्टिअरिंग पाव वळवणं, अर्धं वळवणं असला प्रकारच नाही. खऱ्या गाडीचं गणित जसंच्या तसं मांडणाऱ्या सिम्युलेटरमध्ये असं वळण मारलं की गाडी गरकन फिरते आणि गवतात जाते. तो खेळायचा तर स्टिअरिंग हवं, पायाखाली पेडल हवीत, आणि तेवढे पैसे हवेत.

आर्केड पद्धतीचा खेळ इथे मोठ्या मनाचा असतो. तुम्ही बटण धसमुसळेपणाने दाबलं तरी तो चाकं हळूहळू वळवतो, टायरला जास्तीची पकड देतो, घसरलेली गाडी सावरून धरतो. घरी संगणक नसलेलं पोरगं पहिल्या दहा मिनिटांत रॉकपोर्ट नावाच्या त्या कल्पित शहरातून दीडशेच्या वेगाने जाऊ शकतं. 'खोटं ड्रायव्हिंग' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की हा खेळ ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांच्याकडे बघा.

पण पकड देणं वेगळं आणि चूक पुसून टाकणं वेगळं.

त्या कॅफेत आमच्याबरोबर एक मुलगा असायचा. त्याचे वडील शेंद्र्याला गाड्यांच्या लाईनवर होते. शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून स्कोडा जोडली जाते, पुढे तिथेच ऑडीही जोडायला लागले. या खेळात स्कोडा नाही, ऑडी आहे. म्हणून हा मुलगा हटकून ऑडी ए-फोर घ्यायचा. आम्ही दुसऱ्या वेगवान गाड्यांच्या मागे, हा आपल्या ए-फोरवर ठाम. आणि तो भिंतीला कधीही टेकायचा नाही. वळणाआधी ब्रेक, मग आत, मग बाहेर. हरायचा. आम्ही म्हणायचो, घास की भिंतीला! तो म्हणायचा, "पप्पांच्या लाईनवर एवढा ओरखडा आला तर गाडी बाजूला काढतात." बोट आणि अंगठा यांच्यात नखाएवढं अंतर धरून दाखवायचा.

त्याला ठाऊक होतं ते खेळ करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांना ते नीट ठाऊक होतं. खऱ्या कंपन्यांच्या खऱ्या गाड्या खेळात घ्यायच्या तर परवाना लागतो, आणि आपली गाडी पडद्यावर चेंदामेंदा झालेली कुठल्याही कंपनीला फारशी रुचत नाही. म्हणून या खेळात काच तडकते, रंग जातो, आणि इंजिन ठणठणीत राहतं. त्याच काळातल्या 'बर्नआउट' खेळांनी काल्पनिक गाड्या घेतल्या आणि त्यांचा मनसोक्त चुराडा केला. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखीच राहिली. पत्रा वाकला काय, न वाकला काय, ज्याने तो वाकवला त्याच्या खिशाला झळ नाही.

हा पहिला दोष. दुसरा मला जास्त डाचतो, कारण तो दिसत नाही.

याला खेळणारी मंडळी 'रबर बँड' म्हणतात. तुमच्या गाडीला आणि प्रतिस्पर्ध्याच्या गाडीला एक अदृश्य रबर बांधलेलं असतं. तुम्ही पुढे निघालात की ते ताणलं जातं आणि मागचा सप्पकन ओढला जातो. प्रोग्रॅम त्याचा वेग गुपचूप वाढवतो. तुम्ही मागे पडलात की पुढचे ढिले पडतात, तुमची वाट बघतात. करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. रिकाम्या रस्त्यावर एकट्याने पळणं कंटाळवाणं होतं, आणि सारखं मागे पडणारं पोरगं खेळच बंद करतं. आरशात कुणीतरी दिसत राहावं म्हणून हा खटाटोप.

पण त्याचा परिणाम काय होतो ते बघा. पाच मिनिटांच्या शर्यतीत तुम्ही चार मिनिटं एकही चूक न करता गाडी चालवली. पाचव्या मिनिटाला चौकात आडवा ट्रक आला, ठोकलात. मागचे तिघे, जे इतका वेळ कुठे दिसत नव्हते, ते तुमच्या दोन्ही बाजूंनी सुसाट निघून गेले. त्या चार मिनिटांच्या मेहनतीचं मोल शून्य. उलट पहिल्या चार मिनिटांत दहा वेळा ठोका, शेवटचं अर्धं मिनिट सांभाळा, जिंकाल. म्हणजे शर्यत पाच मिनिटांची नाहीच. ती शेवटच्या अर्ध्या मिनिटाची आहे, बाकीची नुसती वरात.

मी भाच्याला म्हटलं, एक शर्यत भिंतीला न लागता करून दाखव. त्याला ते आव्हान वाटलं. पहिल्या खेपेला चौथा आला. दुसऱ्या खेपेला तिसरा. तिसऱ्या खेपेला खरोखर देखणी गाडी चालवली त्याने. स्पेसबारवरचा हँडब्रेक हलकेच दाबत, वळणाच्या आतल्या कडेला चिकटून. मी शेजारी बसून बघत होतो आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. शेवटच्या वळणावर एकदाच चाक कठड्याला लागलं आणि दोघं पुढे गेले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, एवढं नीट चालवलं तरी ते मागून आलेच ना."

बारा-तेरा वर्षांच्या पोराला मी काय सांगू? मला राग येतो तो इथे. भिंतीला घासणाऱ्याला खेळ शिक्षा करत नाही हे एक वेळ सोडून देऊ. पण नीट चालवणाऱ्याला तो बक्षीसही देत नाही. मग पोरगं शेवटी भिंतच निवडणार.

एक अपवाद नोंदवतो. याच खेळात ड्रॅग शर्यत आहे: सरळ रस्ता, हाताने गिअर, मिनिटभराचा मामला. तिथे समोरून येणाऱ्या गाडीवर आदळलात की खेळ खलास. भिंत मदतीला येत नाही, उरतात फक्त तुम्ही आणि तुमची नजर. त्या मिनिटात कॅफेतलं कुणी बोलायचं नाही.

आणि मग पोलीस.

या खेळाचा जीव पाठलागात आहे, आणि त्याबाबतीत मी त्याच्या बाजूने कुणाशीही भांडेन. शहरात तुमच्या गाडीची बदनामी पातळ्यांनी वाढत जाते. सुरुवातीला एखादी साधी गाडी मागे लागते. मग नाकाबंदी. मग अंगावर धावून येणाऱ्या जड एसयूव्ही, मग रस्त्यावर अंथरलेल्या खिळ्यांच्या पट्ट्या, डोक्यावर हेलिकॉप्टर. पट्टीवरून गेलात की टायर फुटले आणि तुम्ही संपलात. तिथे मात्र गाडी बिघडते. पोलिसांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकू येत राहतं, त्यात तुमच्या गाडीचा रंग असतो. गॅरेजात जाऊन रंग बदललात तर बदनामी थोडी उतरते. पुन्हा पुन्हा पकडले गेलात तर गाडी जप्त होते. कष्टाने जिंकलेली, सजवलेली गाडी, कायमची.

म्हणजे ज्याचा शर्यतीत पत्ता नाही ते सगळं इथे आहे. केलेल्या कामाचा हिशेब आहे. आत्ता केलेली आगळीक दहा मिनिटांनी समोर उभी राहते. वेग फुकट मिळत नाही. तो अंगावर साचत जातो. इथे रबर नाही असं नाही, पोलीसही तुम्हाला फार लांब जाऊ देत नाहीत. पण पोलिसाने पाठ सोडू नये हे कुणालाही पटतं, आणि त्यांना चुकवायला रस्त्यांची, बोळांची, पुलांची ओळख लागते. ती ओळख तुमची असते. ती कुणी ओढून काढून घेत नाही.

खेळात वेळ मंदावण्याची एक सोय आहे, तिचं नाव स्पीडब्रेकर. आपल्या गावात स्पीडब्रेकर म्हणजे रात्री न दिसणारा, पट्टे पुसलेला, मणक्याची परीक्षा बघणारा उंचवटा. खेळात मात्र बटण दाबलं की सगळं जग संथ होतं, दोन पोलीस गाड्यांमधली फट हळूहळू उघडताना दिसते आणि तुम्ही गाडी तिच्यातून नेता. घाईत असलेल्या माणसाला विचार करायला दिलेला एक क्षण. गाड्यांच्या खेळातली इतकी सुंदर कल्पना मला दुसरी चटकन आठवत नाही.

पण एक आठवते, आणि ती याच खेळात आहे. पाठलाग तुटला की लगेच सुटका होत नाही. पडद्याच्या तळाशी एक पट्टी हळूहळू भरायला लागते. ती पूर्ण भरेपर्यंत दिसायचं नाही. पुलाखाली, गोदामाच्या मागे कुठेतरी गाडी नेऊन गप्प उभी करायची. आणि समोरच्या रस्त्यावरून पोलीस गाडी सावकाश जाते. वेगाच्या खेळातला सगळ्यात थरारक क्षण उभं राहण्याचा आहे! ज्याने हे योजलं त्याला वेग म्हणजे काय ते कळलं होतं.

वाईटही सांगतो. पोलिसांना अडवायला डोनटच्या दुकानावरचं ते अवाढव्य डोनट पाडा, पाण्याची टाकी पाडा, पेट्रोल पंप उडवा. सरकारचं किती नुकसान केलं याचा आकडा खेळ मोजतो आणि तो वाढवणं हे एक उद्दिष्ट म्हणून पुढ्यात ठेवतो. मला हे पटलेलं नाही. तिथे मघाचा हिशेब अचानक उलटा होतो.

आणि सगळ्यात मोठी पोकळी म्हणजे रॉकपोर्टच्या रस्त्यावर माणूस नाही. एकसुद्धा नाही. गाड्या आहेत, ट्रक आहेत, फुटपाथ आहेत आणि फुटपाथवर कुणी नाही. कारण उघड आहे. माणूस ठेवला तर तो गाडीखाली आल्यावर काय होतं ते दाखवावं लागेल, आणि मग खेळ पोरांच्या हातात देता येणार नाही. कारण समजतं, पण पोकळी भरत नाही. आमच्या गावात गुलमंडीवर संध्याकाळी दुचाकी घालून बघा. मकाई दरवाजाच्या कमानीत समोरून रिक्षा येत असते, मागून टेम्पो, कडेला हातगाडी, मधून शाळेची मुलं. कोण थांबणार, कोण घुसणार हे डोळ्यांवरून ओळखावं लागतं. पायी जाणाऱ्या म्हातारीने हात वर केला की अख्खी रांग थांबते. गाडी चालवण्याचं खरं कसब ते आहे, आणि दोनशेच्या वेगाइतकंच ते अवघड आहे. ज्या गावाने 2010 साली एका खेपेला दीडशे मर्सिडीज घेतल्या, ज्या गावाच्या वाळूज-शेंद्र्यात घरटी कुणी ना कुणी चाकांवर जगतो, त्या गावातल्या पोरांना हे कसब शिकवणारा खेळ मिळाला पाहिजे. कमानीतून ओरखडा न येऊ देता गाडी काढली तर गुण, आणि ओरखडा आला तर तो पुढच्या रविवारपर्यंत गाडीवर राहावा. मी तो पहिल्या दिवशी विकत घेईन.

शेंद्र्यावाल्याचा मुलगा आता कुठे असतो मला माहीत नाही. वीज जायची तेव्हा आम्ही अंधारात तसेच खुर्च्यांवर बसून राहायचो, आणि तो रिकाम्या कीबोर्डवर वळणं गिरवत बसायचा. ब्रेक, आत, बाहेर.

रविवारी शर्यतींचा नाद सोडून भाच्याने पाठलाग लावला. वीसेक मिनिटं चालला. शेवटी एका पुलाखाली गाडी घातली आणि कीबोर्डवरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पट्टी भरत होती. वरच्या रस्त्यावरून सायरन गेला. आतून ताई दुसऱ्यांदा जेवायला हाक मारत होती. त्याने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि मीही ओ दिली नाही.