घरबसल्या राष्ट्रीय वेबिनार: नवशिक्या समन्वयकांसाठी

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून पंख्याखालची खुर्ची दिली आणि न मागता चहा सांगितला, तर समजून जा: यंदाचा वेबिनार तुमच्या गळ्यात पडला आहे. घाबरू नका. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपल्या नगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत, जिथे प्रोजेक्टर लावायलाही शिपाईमामांना हाक मारावी लागायची, तिथल्या प्राध्यापकांनी राष्ट्रीय वेबिनार उरकून दाखवले. साथ गेली, वेबिनार राहिला. तुम्हालाही जमेल. फक्त खालच्या पायऱ्या ओळीने चढा आणि मधेच थांबून 'पण हे कशासाठी?' असं विचारू नका.

1. विषय निवडा. विद्यार्थ्यांना काय हवंय ते विचारण्यात वेळ घालवू नका. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या परिषदेची, पुस्तिका उघडा आणि 3.2.2 हा निकष काढा. गेल्या पाच वर्षांत संशोधन पद्धती, बौद्धिक संपदा हक्क आणि उद्योजकता यांवर किती कार्यशाळा-परिसंवाद घेतले, त्याचा आकडा तिथे मागितला आहे. झालं, तुमचा विषय ठरला: बौद्धिक संपदा हक्क. पारनेरच्या बी.ए.च्या मुलाने पेटंट घ्यायचं तरी कशाचं, ही शंका मनात आली तर ती तिथेच दाबा. आधीच्या समन्वयकांनाही आली होती.

काही भाबडे लोक पाणलोट विकासाचा विषय सुचवतील. या कामासाठी नावाजलेलं हिवरे बाजार जिल्ह्यातच आहे, नगरहून फार लांबही नाही. मुलांना एसटीत बसवून नेलं तर बांध दिसतील, विहिरी दिसतील, नशिबात असेल तर हे काम उभं करणारे पोपटराव पवारही भेटतील. हे सगळं खरं आहे. पण त्याला क्षेत्रभेट म्हणतात, तिचा रकाना वेगळा आहे आणि उन्हातान्हात हिंडावं लागतं. त्याऐवजी हिवरे बाजारावर पीपीटी दाखवा.

2. दर्जा ठरवा. 'राज्यस्तरीय' असं चुकूनही छापू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधन-गुणांत निमंत्रित व्याख्यानाला राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर 2 गुण आहेत, राष्ट्रीयला 3, देशातल्या आंतरराष्ट्रीयला 5 आणि परदेशातल्या आंतरराष्ट्रीयला 7. वक्त्याने एक तास द्यायचा तो 2 गुणांसाठी का द्यावा? जरा माणुसकी दाखवा.

आंतरराष्ट्रीय करायचं असेल तर एखादा माजी विद्यार्थी शोधा. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, कुठलंही गाव घ्या, कुणाचा तरी मुलगा न्यू जर्सीत असतोच. तो संगणकातला आहे आणि आपला विषय बौद्धिक संपदा हक्कांचा आहे, ही अडचण मानू नका. त्याच्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील, त्यामुळे तो फार बोलणार नाही. आता तो तिकडून बोलला आणि आपण इकडून ऐकलं, तर व्याख्यान देशात झालं की परदेशात, 5 गुण की 7? यावर भांडायला तुमच्या स्टाफरूममध्ये जाणकार आहेत, त्यांच्यावर सोडा.

एक इशारा मात्र द्यायला हवा. जानेवारी 2021 मध्ये केंद्राने सरकारी संस्थांना असा आदेश काढला होता की सीमा, सुरक्षा किंवा देशाचे अंतर्गत प्रश्न असले विषय असतील, तर ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदेला आधी परवानगी घ्यावी. शास्त्रज्ञांनी ओरड केली आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. तेव्हा तुमच्या बौद्धिक संपदा हक्कांवरच्या वेबिनारला धोका नाही. तसाही नव्हता.

3. पोस्टर. संस्थेचे संस्थापक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि सर्व विश्वस्त यांचे फोटो वरच्या दोन ओळींत बसवा. त्याखाली प्राचार्य, उपप्राचार्य, निमंत्रक, सहनिमंत्रक, संघटन सचिव. वक्त्याचा फोटो उरलेल्या जागेत तिकिटाएवढा टाका. विषय कोपऱ्यात. तारीख विसरली तरी चालेल, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात लोक. मात्र 'निःशुल्क' आणि 'ई-प्रमाणपत्र दिले जाईल' हे शब्द लांबून दिसतील एवढे मोठे हवेत.

4. नोंदणी. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढा. 2020 मध्ये एका ग्रुपात 256 जणांनाच जागा असायची, त्यामुळे 'ग्रुप 1 फुल, कृपया ग्रुप 2 जॉइन करा' असं लिहिता यायचं आणि ते वाचून प्राचार्यांची छाती फुलायची. आता मर्यादा वाढली आहे. तरीही ग्रुप 2 काढाच.

आकड्यांच्या बाबतीत संकोच नको. झूम कंपनीने एप्रिल 2020 मध्ये आपले रोजचे वापरकर्ते 30 कोटी असल्याचं लिहिलं आणि लगेच दुरुस्ती करावी लागली. ते वापरकर्ते नव्हते, मीटिंगमधले सहभागी होते. एकाच माणसाने दिवसात पाच मीटिंगा केल्या तर तो पाच वेळा मोजला जातो. तुमच्या अहवालात हीच पद्धत वापरा. रेंज जाऊन पुन्हा आत आलेला प्रत्येक जण नवा सहभागी धरा. घाटघर-रतनवाडीकडची मुलं असतील तर एकेकाचे सहज दहा होतील.

5. कार्यक्रमाची आखणी. हा कळीचा भाग आहे, इथे नीट लक्ष द्या. झूमच्या फुकट खात्यात मीटिंग 40 मिनिटांनी आपोआप बंद पडते. आपल्या प्रथेप्रमाणे दीपप्रज्वलन (समईचा व्हिडिओ लावा, ज्योत हलणारा घ्या), विद्यापीठ गीत, प्रास्ताविक, संस्थेचा परिचय, पाहुण्यांचा परिचय, प्राचार्यांचं मनोगत आणि अध्यक्षीय मनोगत एवढं झालं की बरोबर 40 मिनिटं होतात. मीटिंग बंद पडते. ज्यांना जायचंय त्यांना जाता येतं, कुणाला वाईट वाटत नाही. यापेक्षा सोयीची व्यवस्था खुद्द झूमलाही सुचली नसती.

दुसऱ्या लिंकवर वक्ता येईल. त्याला 'वेळेचं भान ठेवून' बोलायला सांगा. तो पहिली पाच मिनिटं 'माझा आवाज येतोय का' यात घालवेल, पुढची पाच 'स्क्रीन दिसतेय का' यात. मग तो म्यूटवर बोलेल. त्याला टोकू नका. चेहऱ्यावर तो फार अभ्यासू दिसत असतो.

याच जिल्ह्यात, नेवाशाला, पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा लिहून घ्यायला एकटे सच्चिदानंदबाबा होते. तुमच्याकडे नऊ जणांची तांत्रिक समिती आहे आणि तरी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहून जाणार आहे. म्हणून दोन मोबाइल आधीच लावून ठेवा.

6. श्रोत्यांना गुंतवून ठेवा. परदेशी तज्ज्ञ इथे मतचाचण्या, गटचर्चा, प्रश्नोत्तरं असलं काहीबाही सुचवतात. आपल्याकडे एकच उपाय लागू पडतो: फीडबॅक फॉर्मची लिंक. ती शेवटच्या पाच मिनिटांतच टाकायची, आणि 'थोड्याच वेळात लिंक देत आहोत' ही घोषणा दर पंधरा मिनिटांनी करायची. माणूस जागचा हलत नाही. चॅटमध्ये 'गुड आफ्टरनून सर', 'प्रेझेंट सर', 'खूप छान मार्गदर्शन' (हे वक्ता बोलायच्या आधी येतं) आणि 'लिंक कधी?' अशी ओळ लागते. तिला अहवालात 'उत्स्फूर्त संवाद' म्हणा.

प्रश्न मात्र आपलेच ठेवा. दोन सहकाऱ्यांना आदल्या दिवशी लिहून द्या. खुला प्रश्न विचारायला लावलात तर राहुरीकडचा एखादा माइक सुरू करेल आणि शांतपणे विचारेल की पेटंटला खर्च किती येतो. वक्त्याला ते माहीत नसतं.

असे एक-दोन असतातच, बरं का. सगळ्यांचे कॅमेरे बंद, नावं तेवढी हजर; आणि कुणीतरी खिशात मोबाइल ठेवून कांद्याला दारं धरता धरता खरोखर ऐकत असतो. ज्या आठवड्यात थ्री फेज लाइट दिवसाची असते, त्यात रानात जावंच लागतं. पाण्याचा आवाज आला की तांत्रिक समिती त्याला बाहेर काढते. तुम्हीही काढा. शिस्त महत्त्वाची.

7. प्रमाणपत्र. फीडबॅक फॉर्ममध्ये पर्याय तीनच ठेवा: उत्तम, अतिउत्तम, उत्कृष्ट. लिंक टाकल्यावर ती फुकट प्रमाणपत्रांच्या टेलिग्राम चॅनेलांवर पोचेल आणि ज्यांनी तुमचं गाव नकाशावरही पाहिलेलं नाही, ते तमिळनाडूपासून आसामपर्यंतचे लोक फॉर्म भरतील. चिडू नका. तुमचा वेबिनार राष्ट्रीय झाला तो या क्षणी.

यानंतर तुमचा फोन आठवडाभर वाजेल. कारण साध्या जीमेल खात्यावरून गूगलची स्क्रिप्ट दिवसाला 100 जणांनाच मेल धाडते, आणि तुमच्याकडे फॉर्म आलेत दीड हजार. प्रत्येकाला एकच उत्तर द्या: 'स्पॅम फोल्डर बघा.' आडनाव चुकलंय म्हणणाऱ्यांनाही तेच सांगा. त्यांचं नाव त्यांनीच चुकीचं टाइप केलेलं असतं, पण ते पटवायला जाल तर नवा वेबिनार घ्यावा लागेल.

8. पुरावे. नॅकला कार्यक्रमाचे जिओटॅग केलेले फोटो लागतात. आता कार्यक्रम कुठेच झाला नाही, तर त्याचे अक्षांश-रेखांश आणायचे कुठून? सोपं आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळ्यांची चौकटीतली नावं आणा, मग मोबाइलमधल्या जीपीएस कॅमेऱ्याने त्या पडद्याचा फोटो काढा. खाली नकाशा, पत्ता, वेळ सगळं उमटतं. हा फोटो महाविद्यालयातच काढा. एका सरांनी तो स्वयंपाकघरात काढला होता, मागे फोडणीचं पातेलं आणि खाली त्यांच्या घराचा पत्ता. नॅकच्या समितीने दोन्हींची नोंद घेतली.

2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जुन्या फोटोंवर अहमदनगर आहे, नव्यांवर अहिल्यानगर. फाइल पुन्हा करत बसू नका. वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही दोन जिल्ह्यांत कार्यक्रम घेतलेत.

9. नॅकची समिती आली की ती विद्यार्थ्यांशी बोलते. चार मुलं आधी निवडून ठेवा आणि 'खूप शिकायला मिळालं, सर' हे वाक्य पाठ करून घ्या. काय शिकायला मिळालं, असा पुढचा प्रश्न सहसा येत नाही, कारण जेवणाची वेळ झालेली असते.

मानांकन पाच वर्षं टिकतं. तोवर यूट्यूबवरची रेकॉर्डिंगची लिंक चालू ठेवा. ती उघडून कुणी बघत नाही, पण बंद सापडली तर पडताळणीत शंका निघते आणि खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो.