भागाकारकाका

वीजबिल आलं की आमच्या सोसायटीतले भागाकारकाका रकमेकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते बघतात बारा अंकी ग्राहक क्रमांक. एकाआड एक अंकांची बेरीज, उरलेल्यांची वेगळी बेरीज, मग वजाबाकी. ती शून्य आली की संख्येला अकराने भाग जातो, आणि काकांचा चेहरा असा खुलतो की काकूंना वाटतं, बिलच माफ झालं.

नोकरीभर ते डेक्कन क्वीनचे पासवाले. 2010 च्या अखेरीस गाड्यांचे नंबर पाच अंकी झाले. पुण्याहून सुटणारी 2124 ची 12124 झाली, परतीची 2123 ची 12123. डब्यात कुणालाच सोयरसुतक नव्हतं. काकांना मात्र चुटपुट लागली: नऊने भाग जायचा तो सकाळच्या गाडीला, आता जातो संध्याकाळच्या! सकाळच्या वाट्याला नुसता सात आला.

देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं नाव काढताना ते गवयासारखे कानाच्या पाळीला हात लावतात. गुरुजींचा 6174 ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. आकडेज्योतिष मात्र वर्ज्य. गाडीच्या नंबरावरून मुलीचं लग्न कधी जमेल, असं विचारायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी चहा न देता वाटेला लावलं. बरोबरच केलं.

परवा मुलीने त्यांच्या फोनवरून मिक्सर मागवला. ओटीपी आला 510511.

"बाबा, सांगा ना लवकर!"

काका कसले सांगतायत! दोनने भागलं, बाकी एक. तीनने, पाचने, सातने, दर वेळी एकच. अकरा, तेरा, सतरा, पुन्हा एक! काकांचा आवाज कापायला लागला. कारण 510510 म्हणजे पहिल्या सात मूळ संख्यांचा गुणाकार. त्यात एक मिळवला की त्या सातांपैकी कुणाचीच डाळ शिजत नाही. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने याच युक्तीने दाखवलं. "मूळ संख्या आली गं घरात!" म्हणून काका उभेच राहिले, आणि एकोणीसने घात केला. 19 गुणिले 97 गुणिले 277. तोवर ओटीपीची मुदत संपली होती.

"अहो, गेला ना मिक्सर हातचा!" काकू म्हणाल्या.

"गेला, गेला! निःशेष गेला. 26869 वेळा."

तर या काकांना मोबाइल नंबर द्यायची वेळ आलीच, तर आधी शेवटचा अंक बघा. सम असेल किंवा 5 असेल तर खुशाल द्या, लगेच सुटाल. 1, 3, 7 किंवा 9 असेल तर घरी उशीर होईल म्हणून कळवून ठेवा. दहा अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला एक लाखाच्या आतल्या सगळ्या 9592 मूळ संख्यांनी भागून बघायची पाळी येऊ शकते, आणि काका कॅल्क्युलेटर वापरत नाहीत.