नावात बरंच आहे

उपाधी, मुलूख आणि वाद्य, अशी तिहेरी चाकरी एकाच शब्दाकडून करून घेण्याची काटकसर खानदेशालाच जमली. इथले फारुकी राजे ‘खान’ म्हणून खानदेश. खान खुपत असेल तर कान्हदेश तयार, सोबत बासरी फुकट. १६०१ मध्ये अकबराने शहजादा दानियालच्या नावे ‘दानदेश’ केलं. शहजादा दारूने गेला. नाव कशाने, कोण जाणे. १९०६ मध्ये इंग्रजांनी पूर्व-पश्चिम फाळणी केली. आता सरकारदरबारी जळगाव, धुळे, नंदुरबार. खान नाही, कान्हा नाही, वादच मिटला!

शासनास नम्र सूचना: दर निवडणुकीला नवं नाव द्यावं, पाटीचा रंग वाळायच्या आत. जुन्याची काळजी नसावी. ते पुण्यात ‘अस्सल खानदेशी’ पाटीखाली शेवभाजीच्या तर्रीवर तरंगतंय. पाटीवाला साताऱ्याचा.