शनिवार-रविवारचा कृषक

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या उपनगरांत राहणारा मध्यमवर्गीय गृहस्थ चाळिशी ओलांडून, घराच्या कर्जाचे निम्मे हप्ते फिटलेले असताना आणि गुडघ्यांनी पहिली तक्रार नोंदवलेली असताना, गावाकडे स्वस्तात जमीन घेण्याच्या विचारास प्रवृत्त होतो, आणि ही प्रवृत्ती इतकी नियमित आढळते की गृहस्थाश्रम व वानप्रस्थाश्रम यांच्यामध्ये प्लॉटाश्रम नावाचा एक आश्रम असून त्याची नोंद घ्यायची शास्त्रकारांकडून राहून गेली, असे मानावयास हरकत नाही. वानप्रस्थात वनात जाऊन राहणे अपेक्षित असते. प्लॉटाश्रमात वनाला लागून गुंठा घेऊन रात्रीच्या जेवणाला घरी परतणे अपेक्षित असते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. ज्या माणसाने सारा संसार त्याच्या निम्म्याहून कमी जागेत केला त्याला हे परिमाण संस्थानासारखे वाटते, आणि पुढचे सारे व्यवहार या वाटण्यावरच उभे असतात.

या आश्रमाची क्षेत्रे ठरलेली आहेत. मुलुंड व घाटकोपरचा गृहस्थ मध्य रेल्वेच्या सवयीने आसनगाव, शहापूर, मुरबाड किंवा कर्जतकडे वळतो, बोरिवलीचा मनोरमार्गे वाड्याकडे जातो, आणि अंधेरीचा पूर्व व पश्चिम या दोन्हींना सारखाच विटलेला असल्यामुळे जिकडे नाश्ता मोफत असेल तिकडे जातो. रविवारी सकाळी स्टेशनाबाहेरून सुटणाऱ्या गाडीतून इच्छुकांना जमीन दाखवण्याच्या विधीस 'साइट व्हिजिट' म्हणतात. या विधीत अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याची प्रथा नाही. ते 'टच' या एककात सांगितले जाते. रोड टच, रिव्हर टच आणि अलीकडे समृद्धी टच असे त्याचे प्रकार असून, पैकी समृद्धी टच हा प्रकार, ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून, शहापूर तालुक्यातील ज्या कोणत्या टेकडीवरून महामार्गावरील वाहनांचे दिवे दिसतात त्या प्रत्येक टेकडीला लागू होतो. कल्याण-मुरबाड रेल्वे ही गाडी रुळांवर येण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून माहितीपत्रकांत धावत आहे, आणि तेथे ती कधीही उशिरा आलेली नाही.

विक्रीचा हंगाम आषाढात सुरू होऊन गणपतीपर्यंत चालतो, आणि यामागे भूशास्त्र आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा बेसाल्टचा, म्हणजे प्राचीन लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाचा असून त्यात पाणी फारसे मुरत नाही; वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून खाडीत निघून जातो, आणि होळीनंतर त्याच जमिनीवर पिवळे गवत, ते वणव्यात गेले की काळी राख आणि मुरूम, एवढेच उरते. भूगोलात वाळवंटाची व्याख्या पावसाच्या मोजमापावरून केली जाते, म्हणून शहापूर-मुरबाडचे डोंगराळ पाडे वाळवंटात मोडत नाहीत. ती मे महिन्यातल्या हंड्यांच्या रांगेवरून केली असती तर त्यांचा समावेश टाळणे कठीण गेले असते. मे महिन्यात प्लॉट दाखवणारा एजंट अद्याप जन्माला यायचा आहे.

अन्य देशांतील विक्रेत्यांना हा ऋतुविचार करावा लागला नाही. कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात नॅट मेंडेलसन या समाजशास्त्राच्या माजी प्राध्यापकाने १९५८ साली 'कॅलिफोर्निया सिटी' नावाचे अख्खे शहर आखून त्याचे भूखंड विकले. तेथे आजही मैलोन्मैल रस्ते आखलेले असून त्यांच्या कडेला घरे मात्र नाहीत. (समाजशास्त्राला व्यवहारात उपयोग नाही असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) भारतात पीएसीएल या कंपनीने शेतजमिनीच्या नावावर जमवलेले ४९,१०० कोटी रुपये परत करावेत, असा आदेश सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये दिला, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांची संख्या ५ कोटी ८५ लाखांच्या घरात होती. त्या मानाने उपनगरी ग्राहक भाग्यवान म्हटला पाहिजे, कारण त्याने जमीन निदान एकदा डोळ्यांनी पाहिलेली असते, भले ती शेजारच्या गटातली असो.

जमीन पसंत पडल्यावर, "साहेब, आज टोकन टाका, दसऱ्याला भाव वाढतोय" या वचनाने टोकन दिले जाते, आणि मग ग्राहकास असे कळते की तो माणूस असला तरी शेतकरी नाही. १९४८ साली मुंबई प्रांताने संमत केलेल्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, शेतकरी नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा; १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवून याच कायद्याने त्या दिवशी कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानले, आणि ती जमीन पुन्हा न कसणाऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून हे कुंपण घातले. मात्र कुंपण घालणाऱ्यांनी 'स्वतः कसणे' या संज्ञेत स्वतःचे श्रम आणि कुटुंबीयांचे श्रम यांच्या जोडीला स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकडून कसवून घेणे याचाही समावेश केला. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातील फोनवर "आंब्याला पाणी घातलंत का?" असे विचारणे ही देखरेख होते की नाही, हा प्रश्न १९४८च्या विधिमंडळापुढे आलेला नव्हता.

शेतकरी होण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे पूर्वज शोधणे. ज्या गृहस्थाने संगमेश्वर किंवा लांजा तालुक्यातील आपल्या मूळ गावी वीस वर्षांत पाऊल टाकलेले नाही, देवीच्या पालखीची वर्गणीही ज्याने दोनदा आठवण करून दिल्यावर पाठवली, तो एका पहाटे कोकणकन्येतून उतरून चुलतभावाच्या अंगणात उभा राहतो आणि आजोबांच्या नावाचा सातबारा मागतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात मालकी व हक्क लिहिलेले असतात, आणि गाव नमुना बारा, ज्यात पिके लिहिलेली असतात, या दोहोंचा जोडउतारा. पाहुणा केवळ वारस म्हणून नाव चढवण्यासाठी आला आहे, त्याला आंब्याच्या कलमांत वाटा नको आहे, हे चुलतभावाला पटण्यास दोन पिढ्या लागू शकतात. दूरच्या जमिनीच्या आधारे जवळची जमीन घेण्याचा मार्ग थोरामोठ्यांच्याही परिचयाचा आहे. अंधेरीशेजारच्या जुहूत राहणारे अमिताभ बच्चन यांच्या मावळ तालुक्यातील जमिनीच्या निमित्ताने उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या महसुली नोंदी २००७ साली देशभर चर्चिल्या गेल्या, आणि त्यांनी कोणतीही फसवणूक केलेली नाही असे अलाहाबाद उच्च न्यायालयास सांगावे लागले. सामान्य गृहस्थास असा निर्वाळा मिळवण्याइतका वेळ नसतो, त्यामुळे तो चुलतभावाशी गोड बोलतो.

शेतकरीपण सिद्ध झाल्यावर दुसरा कायदा वाटेत येतो. १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्याचा हेतू शेतीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यांत बैल वळवणे अशक्य व्हावे, हा होता. त्याखालील प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते क्षेत्र, शासनाने २०२३ साली जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे ठरवले. उपनगरी गृहस्थाची ऐपत दोन गुंठ्यांची असते. यावरचा उपाय म्हणजे सामाईक सातबारा: एकमेकांना पूर्वी कधी न भेटलेले दहा-अकराजण एका गटाचे अविभक्त सहहिस्सेदार होतात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक दगडात, प्रत्येक झुडुपात आणि प्रत्येक विंचवात सर्वांचा वाटा असतो, आणि आपापला दोन गुंठ्यांचा तुकडा ते चुन्याच्या फक्कीने वेगळा करतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन स्कूटरींच्या जागेवरून ज्यांचे एकमत झाले नाही, त्यांनी दहा अनोळखी माणसांशी आजन्म सहमालकी पत्करावी, ही श्रद्धा धर्मसंस्थापकांनाही हेवा वाटावा अशी आहे. शासनासही अधूनमधून पाझर फुटतो. नियमबाह्य तुकडे २०१७ साली बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिमूल्य घेऊन नियमित करण्याची सोय झाली, आणि पुढे हा दर ५ टक्क्यांवर आणला गेला, त्यामुळे कायदा पाळण्याची घाई करणारा नुकसानीत जातो हे सर्वांना समजले.

उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. बोजा, वाटेचा हक्क, कुळाचा दावा, वनखात्याचा शेरा असे जे जे ग्राहकाने वाचणे आवश्यक असते ते सारे त्यात लिहिलेले असल्यामुळे तो वाचला जात नाही. भोगवटादार वर्ग २, म्हणजे शासनाच्या परवानगीवाचून विकता न येणारी जमीन, ही नोंद दिसलीच तर "होऊन जाईल वर्ग एक" असे सांगितले जाते. हे क्रियापद अकर्तृक असून ते कोणाकडून होऊन जाईल याचा उल्लेख त्यात नसतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाची पूर्वमान्यता लागते, आणि ठाकूर, कातकरी, वारली यांच्या या मुलखात तो प्रश्न पावलोपावली येतो. मुलुंडच्या रहिवाशाने तरी हा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचावा अशी अपेक्षा होती, कारण त्याच्याच उपनगरातील इमारतींखालची जमीन 'खाजगी वन' असल्याची नोंद एके दिवशी उघडकीस आली, हजारो कुटुंबे आपण कायद्याने जंगलात राहतो या जाणिवेने कित्येक वर्षे हवालदिल झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर त्यांची सुटका झाली. परंतु सुटका झालेल्या मनुष्यास सर्वप्रथम जंगलालगत जमीन घ्यावीशी वाटली, हे मानसशास्त्राचे क्षेत्र असून येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

खरा शास्त्रीय प्रश्न पाण्याचा आहे. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, भातसा त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी आले. दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत आणि मोडकसागर व मध्य वैतरणा त्याच परिसरात आहेत. मुंबईला रोज मिळणाऱ्या सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे, आणि तानसाच्या अजस्र जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर अशा क्रमाने शहरात शिरतात. ज्या तालुक्याने हे पाणी दिले त्याच्या डोंगरावरील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. मुलुंडचा गृहस्थ शनिवारी सकाळी शहापूरच्या पाण्याने अंघोळ करतो, शहापूरच्या पाण्याने गाडी धुतो आणि त्या गाडीतून शहापूरला जातो, जेथे नळ नसतो. वाटेत त्याच्या उलट दिशेने, रस्त्याच्या कडेने, त्याचेच पाणी त्याच्या रिकाम्या घराकडे वाहत असते. ज्या कोरडेपणामुळे जमीन त्याच्या आवाक्यातल्या भावात मिळाली, त्या कोरडेपणाच्या निर्मितीत त्याच्या शॉवरचाही माफक वाटा आहे, हे माहितीपत्रकात छापलेले नसते. तेथे 'लेक व्ह्यू' असे छापलेले असते आणि ते खरेही असते, कारण तलाव दिसतो.

पहिल्या उन्हाळ्यात सहहिस्सेदार वर्गणी काढून बोअर मारतात. कातळात तीनशे फुटांवर धूळ लागली की आणखी शंभर फूट जाण्याविषयी मतभेद होतात, पायाळू माणसास नारळ घेऊन बोलावले जाते, आणि अखेर टँकर मागवला जातो. रस्त्यात पाड्यावरच्या बायका तो आपल्यासाठी आला असे समजून हंडे घेऊन धावतात, आणि तो लॉनसाठी आहे हे त्यांना समजावून सांगण्याचे काम चालकाकडे येते. शहरात ज्याने पाणीकपातीविरुद्ध वॉर्ड कार्यालयावर मोर्चा नेला तोच गृहस्थ येथे ग्रामपंचायतीत जाऊन 'बाहेरच्या लोकांना' पाणी दिले जात असल्याबद्दल लेखी हरकत नोंदवतो.

प्लॉटाश्रमाच्या उत्तरार्धात भेटी विरळ होतात. फाटकाची किल्ली जमिनीच्या मूळ मालकाकडे असते, कारण जमीन विकल्यावर तिच्यावर रखवालदार म्हणून राहण्याइतका तिचा परिचय दुसऱ्या कोणाला नसतो. मुले अमेरिकेत किंवा बंगळुरूत असतात आणि वारस म्हणून नाव लावण्यासाठी कोणते कागद लागतील असे वर्षाकाठी एकदा विचारतात. परंतु शेतकरीपण टिकवणे भाग असते, आणि शासनाने ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू केलेल्या ई-पीक पाहणीने, ज्यात खातेदाराने शेतात उभे राहून मोबाइल अॅपवर पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करावयाची असते, ते टिकवणे अवघड करून ठेवले आहे, कारण बोरिवलीच्या बाल्कनीतील कढीपत्त्याचे अक्षांश-रेखांश त्यात चालत नाहीत. सुदैवाने एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय आहे. दर खरिपात मूळ मालक आपला फोन घेऊन साऱ्या फार्महाऊसांतून हिंडतो, कोणाच्या नावे नागली, कोणाच्या नावे वरई आणि ज्यांनी दिवाळीची बक्षिशी वेळेवर दिली त्यांच्या नावे आंबा अशी नोंद करतो, आणि दर सातबाऱ्यामागे दोनशे रुपये घेतो. त्या गटात शेतीपासून उत्पन्न असलेला तो एकटाच मनुष्य असून नमुना सातमध्ये त्याचे नाव कोठेही नाही.